विद्यार्थी, परदेश आणि धर्माचे निमंत्रण

रोडपाली हे पनवेल तालुक्यातील एक जुने गाव. मुंब्रा-पनवेल महामार्ग आणि तळोजा औद्योगिक वसाहत यांच्या शेजारी वसलेल्या या परिसरातील शेतजमिनींवर सिडकोचे कळंबोली नगर उभे राहिले, भातखाचरांच्या जागी इमारती आल्या आणि २०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा गावही तिच्या हद्दीत गेले. येथील सदनिकांत राहणारी कुटुंबे बहुधा नोकरदारांची. कोणी कारखान्यात, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी पोलीस खात्यात. अशा घरांतील मुले आता अभियांत्रिकीची पदवी घेऊन जुलै-ऑगस्टच्या सुमारास उच्च शिक्षणासाठी परदेशी निघू लागली आहेत. शैक्षणिक कर्जाचे कागद, वजनकाट्यावर पुनःपुन्हा ठेवून पाहिलेल्या दोन मोठ्या बॅगा, त्यांत गोडा मसाला आणि मेतकूट, आणि एका कप्प्यात आईने रुमालात गुंडाळून ठेवलेली गणपतीची लहानशी मूर्ती. बहुतेक वेळा एवढेच धर्मशिक्षण बरोबर घेऊन मुलगा विमानात बसतो.

पलीकडे त्याला उतरवून घेण्यास कित्येकदा तेथील चर्चची माणसे आलेली असतात. एखादे निवृत्त दांपत्य त्याला आपल्या मोटारीतून खोलीवर पोचवते, जुनी गादी आणि टेबल मिळवून देते, किराणा मालाचे दुकान दाखवते. नोव्हेंबरमधील सणाला वसतिगृहे ओस पडतात, तेव्हा आपल्या घरी जेवायला बोलावते. आणि मग एके दिवशी अत्यंत सौजन्याने विचारते, की दर शुक्रवारी आमच्याकडे बायबलचे वाचन असते, येशील का? मुलगा ही हकिकत दूरध्वनीवर घरी सांगतो. आईला त्या अनोळखी बाईंविषयी कृतज्ञता वाटते. वडिलांच्या कपाळावर मात्र आठी उमटते. या प्रेमामागे काही हेतू तर नसेल?

हा प्रश्न आता थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक पहिला होता. अशा विद्यार्थ्यांशी मैत्री करून त्यांना ख्रिस्ताचा संदेश सांगावा, या उघड उद्देशाने काम करणाऱ्या संस्थाही तेथे जुन्या आहेत. 'इंटरनॅशनल स्टुडंट्स' ही त्यांपैकी एक संस्था १९५३ सालची. तेव्हा वडिलांच्या कपाळावरची आठी अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण ती संपूर्ण न्याय्यही म्हणता येत नाही. या दोन्ही गोष्टी कशा खऱ्या आहेत, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राला दूर जाण्याचे कारण नाही. हा अनुभव मराठी माणसाने, किंबहुना मराठी स्त्रीने, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घेतलेला आहे.

एकाच महिन्यातील दोन प्रवास

१८८३ सालच्या एप्रिल महिन्यात दोन मराठी स्त्रिया शिक्षणासाठी समुद्रापार गेल्या. ७ एप्रिलला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, २० एप्रिलला पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. पहिल्या अठरा वर्षांच्या, दुसऱ्या पंचविशीच्या उंबरठ्यावरच्या. दोघींनाही वैद्यकाची ओढ होती आणि दोघींनाही परदेशात आधार मिळाला तो श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांचाच. आपण धर्म सोडणार नाही, असे दोघींनीही निघण्यापूर्वी सांगितले होते. आनंदीबाई हिंदू म्हणून गेल्या आणि हिंदू म्हणून परत आल्या. रमाबाईंनी त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

या दोन निष्पत्तींपैकी एक जय आणि दुसरी पराजय, असे समजण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. मात्र कोणी कोणता धर्म स्वीकारला यापेक्षा तो निर्णय कोणत्या परिस्थितीत झाला, याकडे पाहिले तर या दोन कथा अधिक शिकवून जातात.

आनंदीबाई कल्याणात वाढलेल्या. लग्नानंतर पती गोपाळराव यांच्या बदलीमुळे काही काळ त्या अलिबागेस, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या ठाण्यात राहिल्या. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीला शिकविण्याचा त्यांना ध्यासच होता. १८७८ साली त्यांनी कोल्हापुरातून अमेरिकन मिशनऱ्यांमार्फत रॉयल वाइल्डर यांच्याकडे पत्र पाठवून पत्नीच्या शिक्षणासाठी आणि अमेरिकेतील वास्तव्यासाठी साहाय्य मागितले. कोल्हापुरात अनेक वर्षे काम करून मायदेशी परतलेले वाइल्डर तेव्हा प्रिन्स्टनहून 'मिशनरी रिव्ह्यू' हे नियतकालिक चालवीत. त्यांनी दिलेल्या उत्तराचा रोख एकच होता, की प्रथम ख्रिस्ताचा उघड स्वीकार व्हावा. हा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या नियतकालिकात छापलाही.

येथे कथेला अनपेक्षित वळण मिळाले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो अंक सहज चाळला. मिशनरी संपादकाला ज्या पत्रात संभाव्य अनुयायी दिसला होता, त्याच पत्रात या बाईंना शिकू इच्छिणारी एक मुलगी दिसली. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि आपल्या घराचे दार त्यांच्यासाठी उघडे केले. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले. कार्पेंटरबाईही ख्रिस्तीच होत्या. पण धर्म बदलण्याची अट त्यांनी घातली नाही. अमेरिकेत आनंदीबाईंचा शाकाहार आणि लुगडे दोन्ही टिकले. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी लुगड्याची धाटणी बदलून ती गुजराती पद्धतीची केली, बदल झाला तो इतकाच.

निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, एकट्याच का जातो, जातीने बहिष्कार घातला तर काय करणार, अशा आक्षेपांना त्यांनी एकामागून एक उत्तरे दिली आणि आपण हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या माणसांत राहू, असे निक्षून सांगितले. हे कॉलेज कॅरे, मार्शमन आणि वॉर्ड या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८१८ साली स्थापन केलेले. मिशनरी संस्थेच्या सभागृहात उभे राहून एका सतरा वर्षांच्या मुलीने हे सांगावे आणि सभेने ते ऐकून घ्यावे, ही गोष्ट दोन्ही पक्षांना भूषणावह होती.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंनी पदवी घेतली. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. या महाविद्यालयात १८८५ साली काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या तिघी विद्यार्थिनी त्यात आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. तेथील अधिष्ठात्या रेचल बॉडली धर्मनिष्ठ ख्रिस्ती होत्या. तरीही विद्यार्थिनीने आपला वेष उतरवून ठेवावा, असे त्यांना वाटले नाही.

वाँटेज आणि चेल्टनहॅम

रमाबाईंची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. संस्कृतच्या गाढ्या अभ्यासामुळे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळविलेली ही स्त्री कोणाच्या गोड बोलण्याला भुलणारी नव्हती. त्यांच्या विचारपरिवर्तनात नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचा मोठा भाग होता. स्वतः गोरे यांनी तारुण्यात काशीस मिशनऱ्यांच्या मतांचे खंडन करणारा ग्रंथ संस्कृतात लिहिला होता आणि पुढे वाद करता करताच ते ख्रिस्ती झाले होते. अशी परिवर्तने ग्रंथ, वाद आणि दीर्घ चिंतन यांतून होतात. त्यांना आमिषाची बळी म्हणणे हा त्या माणसांच्या बुद्धीचा अपमान होय.

परंतु याच कथेला एक काळी किनार आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक तरुण सोबतीण इंग्लंडला गेली होती. वाँटेज येथे पोचल्यावर काही महिन्यांतच तिने आत्महत्या केली. आपल्याला बळेच ख्रिस्ती करतील, या भयाने तिच्या मनाला ग्रासले होते, असे तेव्हाच्या हकिकतींत नमूद आहे. तेथील जोगिणींनी तिच्यावर सक्ती केली, असे म्हणण्यास आधार नाही. त्या आपल्या परीने मायेनेच वागत असतील. पण परका देश, परकी भाषा, अन्नवस्त्रासाठी पूर्णपणे दुसऱ्यांवर असलेले अवलंबन आणि भोवती अहोरात्र एकाच धर्माचे वातावरण, अशा स्थितीत न केलेली सक्तीही दुबळ्या मनाला सक्तीच वाटू शकते. धर्म सांगणाऱ्याला आपला हेतू शुद्ध आहे एवढे समाधान पुरत नाही. ऐकणाऱ्याची अवस्था कशी आहे, हेही त्याला पाहावे लागते.

खुद्द रमाबाईंचे धर्मगुरूंशी फार काळ जमले नाही, ही गोष्ट महाराष्ट्रात पुरेशी लक्षात घेतली गेली नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना पटत नव्हता. अंडे घातलेले पदार्थ त्या खात नव्हत्या. कन्या मनोरमा हिला काय शिकवावे, यावरही मतभेद होते. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी या सर्व बाबींवर जो पत्रव्यवहार केला, तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने मानेवरून उतरविल्यावर दुसऱ्याचे जोखड घेण्यास आपण तयार नाही, असा रमाबाईंच्या उत्तराचा आशय आहे. त्यांनी ख्रिस्त स्वीकारला, पण आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही स्वाधीन केली नाही. ज्यांनी त्यांना धर्म सांगितला त्यांना ही स्वतंत्र वृत्ती पेलवली नाही, आणि ज्यांचा धर्म त्यांनी सोडला त्यांना ती दिसलीच नाही.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. एक हिंदू राहिलेली, दुसरी ख्रिस्ती झालेली. मधल्या तीन वर्षांत झालेल्या या फरकाने त्यांच्यातील जिव्हाळ्याला बाध आला नाही. रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले, त्याला प्रस्तावना लिहिली ती आनंदीबाईंच्या अधिष्ठात्या बॉडली यांनीच.

ऑक्सफर्डचा धडा

धर्म सांगणारा आणि ऐकणारा दोघांचाही मान राखणारा आणखी एक प्रकार मराठी इतिहासात आहे. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकण्यास गेले. त्यांना शिष्यवृत्ती मिळाली ती ब्रिटनमधील युनिटेरियन ख्रिस्ती मंडळींकडून. हे कॉलेजही त्याच पंथाचे. तेथे त्यांनी तौलनिक धर्माचा अभ्यास केला. पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे जाणकार असलेले एस्टलिन कार्पेंटर हे त्यांचे एक अध्यापक होते. शिंदे ख्रिस्ती झाले नाहीत आणि कोणी त्यांच्याकडून तशी अपेक्षाही बाळगली नाही. १९०३ साली ते परतले, प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' ही संस्था स्थापन केली. अस्पृश्यतानिवारणाच्या या कार्याला त्यांनी 'मिशन' हेच नाव दिले, याला अर्थ आहे. दुसऱ्याच्या धर्मातील सेवावृत्ती उचलावी आणि आपल्या माणसांच्या कामी लावावी, असा तो व्यवहार होता. दिलेल्या शिष्यवृत्तीचे याहून चांगले व्याज त्या युनिटेरियनांनाही मागता आले नसते.

पनवेलकरांना तर याच्याही आधीचा दाखला आपल्या गावात पाहता येतो. पनवेलचे 'बेथ एल' हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे आहे. रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यानुपिढ्या तेल गाळून उपजीविका करणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाकडे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचे लक्ष गेले होते. या समाजासाठी त्यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून तयार केले. हे शिक्षण त्यांना ख्रिस्ताकडे नेईल, ही विल्सन यांची आशा. प्रत्यक्षात हिब्रू शिकलेले बहुसंख्य बेने इस्राएल आपलाच धर्मग्रंथ अधिक समजून वाचू लागले आणि ज्यूच राहिले. विल्सन यांचे मनोरथ सफल झाले नाहीत. त्यांची विद्या मात्र वाया गेली नाही. दिलेले दान घेणाऱ्याने कसे वापरावे, हे देणाऱ्याच्या हाती नसते. जो हे मान्य करतो तोच खरा देणारा.

निमंत्रण आणि सौदा

धर्म सांगण्याचा अधिकारच नाकारावा, असे म्हणणे सोपे आहे. पण ते टिकणारे नाही. आपल्याला सत्य गवसले आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने ते मित्रापासून लपवून ठेवावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला अप्रामाणिक होण्यास सांगणे होय. भारतीय राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्माच्या प्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. या प्रसाराचा अर्थ आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे असा आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क असा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. दुसऱ्या बाजूने, संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील १८व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. म्हणजे बोलणाऱ्याने बोलावे आणि ऐकणाऱ्याने ठरवावे. परंतु बळजबरी आणि फसवणूक यांचा निवाडा न्यायालय करू शकते, एकटेपणाचा निवाडा कोणतेही न्यायालय करू शकत नाही. आणि परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत खरा प्रश्न एकटेपणाचाच असतो.

या एकटेपणाविषयीची एक हकिकत प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कमधील वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संस्थेचे कार्यकर्ते हॅरी एडमंड्स यांनी १९०९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवर भेटलेल्या एका चिनी विद्यार्थ्याला सहज सुप्रभात म्हटले. तो विद्यार्थी थांबला आणि म्हणाला, की या शहरात येऊन तीन आठवडे झाले, पण आपल्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स अस्वस्थ झाले. त्यांनी पत्नीच्या मदतीने परदेशी विद्यार्थ्यांना घरी बोलावण्यास प्रारंभ केला आणि त्या प्रयत्नांतून १९२४ साली न्यूयॉर्कचे 'इंटरनॅशनल हाऊस' उभे राहिले. सर्व देशांच्या आणि सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे, हा त्याचा हेतू. एका ख्रिस्ती कार्यकर्त्याच्या श्रद्धेला त्या चिनी मुलाच्या उत्तरातून एवढी एकच आज्ञा ऐकू आली.

दुसरा प्रवाहही त्याच काळातला आहे आणि त्याचा उगम कोल्हापुराशी जोडलेला आहे. गोपाळरावांचे पत्र छापणाऱ्या वाइल्डर यांचे पुत्र रॉबर्ट हे १८६३ साली कोल्हापुरातच जन्मले. १८८६ साली, म्हणजे आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच वर्षी, मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात रॉबर्ट यांच्या प्रेरणेने शंभर तरुणांनी परदेशात धर्मप्रचारासाठी जाण्याची प्रतिज्ञा केली. विद्यार्थी स्वयंसेवकांची जी विशाल चळवळ पुढे जगभर पसरली, तिचा हा आरंभ. विद्यापीठातील तरुण हाच जगाला वळण लावणारा घटक, अशी त्या पिढीची धारणा होती. आज परदेशी विद्यार्थ्यांमध्ये चालणाऱ्या कार्याच्या मागे हीच धारणा आहे. प्रचारकाने सात समुद्र ओलांडण्याऐवजी जगच आता विद्यार्थिरूपाने त्याच्या दाराशी येते, इतकाच फरक पडला आहे.

तेव्हा प्रेमाचे निमंत्रण कोणते आणि सौदा कोणता, हे ओळखायचे कसे? वरील कथांतूनच तीन कसोट्या निघतात. पहिली, नाही म्हटल्यावर काय होते? वाचनवर्गाला येणार नाही असे सांगितल्यानंतरही जे घर पुढच्या सणाला जेवायला बोलावते, ते कार्पेंटरबाईंचे घर. ज्याचे दार हळूहळू बंद होते, ते मैत्रीचे घर नव्हेच. दुसरी, हेतू आधी सांगितला होता काय? सहल म्हणून नेऊन प्रवचनाला बसविणे ही लहानशी का होईना, लबाडी आहे, आणि सत्याचा प्रसार लबाडीने होत नाही. तिसरी कसोटी सर्वांत कठीण. आपला धर्म सांगणारा माणूस दुसऱ्याचाही ऐकून घेतो काय? ज्या मुलाच्या खोलीत गणपतीची मूर्ती आहे, त्याला तिच्याविषयी चार शब्द बोलण्याची संधी त्या शुक्रवारच्या बैठकीत मिळते काय? मिळत असेल तर तो संवाद. न मिळत असेल तर ती एकतर्फी शिकवणी. या कसोट्या ख्रिस्ती प्रचारकांनाच लागू आहेत, असेही नाही. परदेशातील मंदिरे, मशिदी, योगाची केंद्रे आणि गुरूंचे संप्रदाय, सर्वांना त्या सारख्याच लागू आहेत.

आपल्या अंगणातील परके

घरच्यांसमोरचा प्रश्न याहून वेगळा आहे. मुलाला बायबल वाचायला कोणी बोलावले तर भिण्याचे कारण काय? भीती बहुधा त्या ग्रंथाची नसते. आपल्या मुलाजवळ उत्तर नाही, या जाणिवेची असते. वर्षानुवर्षे त्याला आरत्या पाठ करविल्या, उपवासाची खिचडी खाऊ घातली. पण ज्ञानेश्वरी कशाविषयी आहे, तुकोबांचा देवाशी काय तंटा होता, फुल्यांनी धर्माला कोणते प्रश्न विचारले, आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात लाखो अनुयायांसह बुद्धाचा धम्म का स्वीकारला, यांविषयी घरात कधी चर्चा झाली नाही. परीक्षेच्या गुणांपुढे त्याला जागा नव्हती. मग त्या परदेशी घरात कोणी आस्थेने विचारले, की तुझा धर्म काय सांगतो, तर मुलगा गप्प बसतो. धर्माविषयी मोकळेपणाने बोलणारे पहिले वडीलधारे माणूस त्याला फिलाडेल्फियात किंवा मँचेस्टरात भेटावे, हा दोष त्या माणसाचा नव्हे.

आणि मुलाने विचारपूर्वक वेगळा निर्णय घेतलाच तर? महाराष्ट्राने या परीक्षेत दोन्ही प्रकारचे उत्तर दिले आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा देण्यात आला. ही योजना आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचीच. त्यांनीच नंतर उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात जाहीर करविली. चहाच्या त्या पेल्यांवरून ग्रामण्य झाले आणि टिळक-रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. जो समाज चहाच्या पेल्याने हादरतो त्याला आपल्या श्रद्धेवर फारसा विश्वास नसतो, हेच त्या प्रकरणाने दाखविले. याच्या उलट, रमाबाईंच्या धर्मांतरावर चहूकडून टीका होत असताना जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. फुले स्वतः ख्रिस्ती झाले नव्हते. एका विदुषीला स्वतःच्या बुद्धीने धर्म निवडण्याचा अधिकार आहे, एवढाच त्यांचा मुद्दा होता. मुलगा घरी परतल्यावर त्याच्यापुढे ग्रामण्य मांडायचे की गप्पांचे ताट मांडायचे, हे त्या घराने ठरवायचे असते.

याच संदर्भात आणखी एका बाबीकडे पाहणे आवश्यक आहे. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतही आफ्रिकेतील, पश्चिम आशियातील, नेपाळ-अफगाणिस्तानातील आणि आपल्याच ईशान्य सीमेवरील विद्यार्थी शिकतात. त्यांना उतरवून घेण्यास स्थानकावर कोण जाते? गणेशोत्सवात अथवा दिवाळीत वसतिगृह ओस पडते तेव्हा त्यांना फराळाला कोण बोलावते? खोली भाड्याने मागायला गेल्यावर त्यांना प्रथम नाव, मग धर्म आणि मग आहार विचारला जातो, हा अनुभव मात्र अनेकांना येतो. दूरदेशी आपल्या मुलाला गादी आणि टेबल देणाऱ्या त्या दांपत्याच्या हेतूविषयी शंका घेण्यापूर्वी आपण कोणाला गादी दिली, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारण्यासारखा आहे. आपला धर्म न सांगणे हा काही सद्गुण नव्हे, जर त्याचे कारण दार न उघडणे हे असेल.

आनंदीबाई क्षयाने खंगून १८८६च्या अखेरीस मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ख्रिस्ती घराण्याच्या माणसांशेजारी त्यांना विश्रांती मिळाली. शेवटपर्यंत हिंदू राहिलेल्या मुलीसाठी त्या कुटुंबाने आपल्या मृतांमध्ये जागा केली आणि त्याबद्दल काही मागितले नाही. कार्पेंटरबाईंनी आपला धर्म शब्दांनी कितपत सांगितला असेल कोण जाणे. पण एवढ्या लांब अंतरावरूनही तो समजण्यास आजही अडचण पडत नाही.

रोडपालीच्या घरातून निघालेल्या मुलाला त्या शुक्रवारच्या निमंत्रणास हो म्हणावे की नाही, हे वडिलांनी दूरध्वनीवरून ठरविण्याचे कारण नाही. त्याने जावे, ऐकावे, प्रश्न विचारावेत, आपलेही सांगावे आणि पटेल ते घ्यावे. मात्र पुढच्या वेळी बॅगा भरताना मेतकुटाच्या पुडीशेजारी चार चांगली पुस्तकेही असावीत, आणि ती बंद करण्यापूर्वी बापलेकांनी त्यांवर दोन संध्याकाळ बोलून घ्यावे. विमानकंपनीच्या वजनमर्यादेत तेवढे नक्कीच बसते.